दादाचं पथ्य

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — ती वारली, तोवरही नाही. तुमची-माझी ओळख नाही, म्हणूनच बहुधा सांगता येतंय.

माझा थोरला भाऊ, दादा, कोल्हारजवळ आमच्या गुऱ्हाळावर गुळव्या होता. कढईतला पाक तयार झाला की नाही, हे गुळव्या ठरवतो. पाण्यात थेंब सोडायचा, बोटांनी गोळी वळून बघायची — तेवढ्यानं कळतं. पण दादा ती गोळी जिभेवर ठेवायचाच. शिवाय आल्यागेल्याला काकवी द्यायची आमची रीत, आणि पाहुण्याबरोबर तोही प्यायचा.

माझा त्याच्यावर राग होता का? राग हा शब्द लहान आहे. संगमनेरकडची एक मुलगी मला पसंत होती. सुपारी फुटायच्या आदल्या दिवशी तिच्या वडिलांच्या कानावर गेलं, की मुलाला फेफरं येतं. मला कधी फेफरं आलं नाही. सांगणारा दादा होता — माझा संसार झाला की मी वाटणी मागेन, म्हणून. हे मला पुढे मध्यस्थानं सांगितलं. मी दादाला एका शब्दानं बोललो नाही. बोललो असतो तर राग निवला असता. मला तो निवू द्यायचा नव्हता.

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी दादाला सारखी तहान लागायला लागली. लघवी तपासायला दिली. कढई सोडून त्याला जाता येईना, म्हणून निकाल आणायला मी गेलो. डॉक्टर म्हणाले, थोडी साखर उतरतेय. मधुमेह अजून जडलेला नाही, जडायच्या बेतात आहे. औषध नको. पाक जिभेवर ठेवू नका, चहात गूळ नको, शेतावर पायी जा, जेवल्यावर आडवं न होता बांधावरून एक फेरी मारा. एवढंच — इतकं थोडं होतं ते! सायकलवर येताना मी ते घोकत होतो, दादाला सांगायचं म्हणून. खरंच. मग तो दिसला — चार माणसांत, मोठ्यानं हसत.

"काय म्हनला रं डाक्टर?"

"काय न्हाई दादा. अशक्तपना हाय. गोडधोड खावा म्हनले, दगदग नको."

"मंग उभा काय ऱ्हातोस? भर तांब्या! डाक्टरचं ऐकाया नको व्हय?"

सगळे हसले. मी काकवीनं तांब्या भरला.

त्या दिवसापासून मी चांगला भाऊ झालो. तांब्या मीच भरायचो. शेतावर त्याला डबलसीट न्यायचो, पायी जाऊ द्यायचो नाही. दुपारी जेवण झालं की गोधडी अंथरायचो. वहिनी म्हणायच्या, "भावजी, तुमी हायसा म्हनून यांचं बरं चाललंय." गाव कौतुक करायचं. आणि मला? प्रत्येक तांब्याला बरं वाटायचं — खोटं कशाला बोलू?

दोन-तीन वर्षांत दादाच्या पायाच्या अंगठ्याला उसाचं वाळलेलं पाचट लागल्याचं निमित्त झालं. जखम भरेना. त्याच डॉक्टरांकडे नेलं. ते त्याच्यावर चिडले — तेव्हाच भावाजवळ पथ्य सांगितलं होतं ना? दादानं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"व्हय, सांगितलं हुतं त्यानं," तो म्हणाला. "मीच ऐकलं न्हाई."

त्यानं मला वाचवलं, म्हणून मला लाज वाटली असेल, असं तुम्हाला वाटेल. नाही. मला संताप आला — माझा सूडही त्यानं स्वतःच्या नावावर करून घेतला! पुढे पाय कापला, नजर गेली. मेला तेव्हाही मी तोंड उघडलं नाही.

आज त्याची मुलं नातवंडांना सांगतात, आजोबांचा जिभेवर ताबा नव्हता, डॉक्टरनं सांगूनही ऐकलं नाही. हे खरं नाही. दादानं पथ्य मोडलं नाही. ते त्याला कळलंच नव्हतं. मी कळू दिलं नाही.