फाटकापाशी पडलेलं मटण

आखातात, उम्म सलाल मोहम्मद या गावी आम्ही राहायचो तो व्हिला मालकाने तीन भाग करून तीन कुटुंबांना भाड्याने दिला होता. मागे मोकळं माळरान. वर्ल्डकपसाठी तिथून रस्ता काढायचा म्हणून खोदकाम सुरू झालं आणि माळावरची कुत्री आमच्या गल्लीत आली. एका सकाळी स्कूलबसकडे जाताना दोन कुत्र्यांनी माझ्या मुलीला भिंतीशी अडवलं. मी दप्तर गरगरा फिरवत मध्ये पडले. त्यानंतर नुसतं भुंकणं कानावर आलं तरी मी तिला ओढत घरात न्यायचे.

कुणीतरी त्यांना खायला घालतंय, अशी कुजबुज सुरू झाली. संशय वरच्या मजल्यावरच्या वसईच्या नर्सवर. ड्यूटीवरून येताना तिच्या हातात पिशवी असायची, एवढंच. मीही तिच्याशी बोलणं टाकलं. शेजारचे पुण्याचे इंजिनिअर सगळ्यांदेखत म्हणाले, "आता मीच बंदोबस्त करतो. खलास."

थोड्याच दिवसांत फाटकापाशी कुत्री मरून पडली. तोंडाला फेस, बाजूला मटणाचे तुकडे. मी बघत उभी असताना मुलगी म्हणाली, "आई, आय गेव्ह वन टू द पपी."

"हाताने उचललास? मग तोंडात घातलास हात?"

ती रडायलाच लागली. नवरा साइटवर, फोन उचलेना. मी तिला कडेवर घेऊन वर पळाले आणि नर्सचं दार बडवलं. तिने काही विचारायच्या आत पोरीचे हात साबणाने घासले, गाडीची किल्ली उचलली.

हॉस्पिटलमध्ये दुपारभर पोरीला नजरेखाली ठेवलं. मी तिचा श्वास बघत बसले होते. ती जरा पेंगली की हलवून जागी करायचे. तिला काही झालं नाही.

परतताना गाडीत नर्स म्हणाली, "वहिनी, मी कुत्र्यांना कधी खायला घातलं नाय."

"माहीत आहे," मी म्हटलं. खरं तर माहीत नव्हतं.

संध्याकाळी इंजिनिअर चॉकलेटचा डबा घेऊन दारात आले. "मी नुसतं बोललो होतो, वहिनी. माझीही मुलं खेळतात तिथे." त्यांचा चेहरा उतरला होता. मी डबा घेतला, दार लावलं आणि तो न उघडताच कचऱ्यात टाकला.

विष कुणी घातलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. भाड्याची मुदत संपायच्या आधीच आम्ही शहरात, अल मुंतझाला भाड्याने फ्लॅट घेतला, चौथ्या मजल्यावर.