दवाखान्याचे मागचे दार

"डॉक्टर, तुमी सांगितलं, न्हाईतर तुमच्या मानसानं. तिसरा कोन हाय?"

भानुदास बसायला तयार नव्हते. कर्जत तालुक्यात हमरस्त्यावर त्यांचे चहा-भज्यांचे हॉटेल आहे. नाव आणि ठिकाण मी बदलले आहे. गिऱ्हाईक तुटत चालले होते. नेहमीचे टेम्पोवाले न थांबता पुढे जात. भानुदासांना टीबी आहे, असे गावभर झाले होते.

त्यांना टीबी नव्हता. काय होते, ते मी येथेही सांगणार नाही. त्याचा चहाशी काही संबंध नव्हता, एवढे पुरे. आमच्या व्यवसायात याला कॉन्फिडेन्शियालिटी म्हणतात. म्हणजे दुखणे ज्याचे, ते सांगण्याचा हक्कही त्याचाच. त्यामुळे अफवा खोटी आहे, हेदेखील मला चारचौघांत सांगता येईना.

"मी कोणाला बोललो नाही," मी म्हणालो.

"मंग शकीलभाई."

मी लगेच नाही म्हणालो नाही. शकीलभाई माझे कम्पाउंडर. औषधे देणे, केसपेपर काढणे हे त्यांचे काम. त्या दिवसापासून मी त्यांच्यावर नजर ठेवू लागलो. ते फोनवर हळू बोलले की माझे कान तिकडे लागत. केसपेपरच्या कपाटाची किल्ली मी न सांगता स्वतःकडे घेतली.

"साहेब, मागितली असती तर दिली असती," ते एवढेच म्हणाले.

एक गोष्ट मात्र जुळत नव्हती. केसपेपर पाहिलेल्या माणसाने टीबी म्हटलेच नसते. दवाखान्यातून बातमी फुटली असती, तर ती खरी असती. ही खोटी होती.

उलगडा सलूनमध्ये झाला. तोंडाला फेस लावून मी खुर्चीत होतो. मागे बाकड्यावर दोघे बोलत होते.

"भानुदासला टीबीच हाय."

"तुला रं कुनी सांगितलं? डॉक्टरनं?"

"सांगाय कशाला पायजे? मागच्या दारानं गेल्ता. सर्दी-पडशाला मागच्या दारानं जातंय व्हय कुनी?"

"सरपंच बी जातोय की."

"त्यो मोठा मानूस. त्याचा मान हाय. हाटेलवाला मागनं गेला म्हंजी कायतरी लपवायचंच आसनार!"

सलूनवाल्याने वस्तरा थांबवून त्यांना डोळ्यांनी दटावले. तोवर मला कळायचे ते कळले होते.

ते दार मीच ठेवले होते. गावातील मान्यवरांना रांगेत बसावे लागू नये, म्हणून. भानुदास संकोचले, तेव्हा मोठ्या मनाने म्हणालो होतो, "मागून या." पण पुढून येणाऱ्यांना मी ज्या खोलीत तपासत असे, तिला अर्धेच दार होते आणि आतले बोलणे बाहेर रांगेच्या बाकड्यापर्यंत ऐकू जाई. रांगेतल्या मजुरालाही लपवण्यासारखे काही असेल, हे माझ्या मनात कधी आले नव्हते. याची मला आजही लाज वाटते.

मी मागचे दार बंद करून त्याला सलाइनच्या खोक्यांची मांडणी लावली. पुढच्या खोलीला पूर्ण दार बसवले. पहिल्याच आठवड्यात सरपंच आले.

"आमी आता ह्या गर्दीत बसायचं?"

"हो. नंबरप्रमाणे."

"डॉक्टर, इलेक्शनला उभं ऱ्हायचा इचार हाय का काय?"

ते परत गेले. पुढे बरेच दिवस ते कर्जतच्या डॉक्टरकडे जात राहिले.

शकीलभाईंची मी माफी मागितली, किल्लीही परत दिली. त्यांनी ती घेतली. मात्र आता ते कपाट माझ्यादेखतच उघडतात.

भानुदासांना म्हणालो, "मी रोज तुमच्या हॉटेलात सगळ्यांसमोर चहा घेतो."

"नगा येऊ! डॉक्टर आला म्हंजी लोक म्हनतील, व्हिजिटला आला."

त्याऐवजी ते पुढच्या दाराने येऊ लागले. खोकणाऱ्या पोरांत, गुडघे चोळणाऱ्या म्हाताऱ्यांत बसू लागले. कोणीतरी विचारलेच, "काय झालंय रं?"

"तुजं आदी सांग, मंग माजं," भानुदास म्हणाले. सगळे बाकडे हसले.

रांगेतले लोक हळूहळू त्यांच्याकडे चहाला जाऊ लागले. लोकल गिऱ्हाईक दिसल्यावर टेम्पोही थांबू लागले. दोघे-तिघे अजून थांबत नाहीत.

गुपित राखायचे तर सर्वांचे राखावे लागते. एकाचेच राखले, तर तोच उघडा पडतो.