पाठीवर बसलेले सुभेदार

"सुभेदारसाहेब, आधी तिच्या पाठीवरून उठा!"

मिरजेच्या माझ्या क्लिनिकमध्ये वैष्णवी मॅटवर पाय फाकवून पुढे वाकली होती. घरी ताण कसा देतात ते तिचे वडील मला करून दाखवत होते. रिटायर्ड सुभेदार, चांगले धिप्पाड. पोरीच्या तोंडून आवाज नव्हता, डोळ्यांतून मात्र पाणी येत होतं.

मी फिजिओथेरपिस्ट. वैष्णवी पलूसची, तायक्वांदो खेळते. या खेळात छातीवरच्या किकपेक्षा डोक्यावरच्या किकला जास्त पॉइंट मिळतात. हिचा पाय छातीपाशीच अडायचा. राज्याच्या संघाची निवड महिन्याभरावर आली होती. आईनं बजावलं होतं, यंदा झालं तर झालं, नाहीतर खेळ बंद.

"तालमीत आमाला वस्ताद असंच करायचे," सुभेदार उठत म्हणाले. "पाठीवर गडी बसवायचे. दुखल्याबिगर अंग मोकळं हुतंय व्हय?"

"मग पाय किती वर आला?"

सुभेदार छताकडे बघायला लागले. वैष्णवीच म्हणाली, "उलटा खाली आलाय, मॅडम."

तिला उताणं झोपवलं आणि गुडघा सरळ ठेवून पाय उचलला. अर्ध्यावर हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, लाकडासारखा झाला. सूज नव्हती, कुठे फाटलेलं नव्हतं. मी तिला बोलण्यात गुंतवलं, घरच्या म्हशीची चौकशी केली. पाय सहज वर सरकला. तेवढ्यात सुभेदार बघायला पुढे आले आणि माझ्या हाताखाली स्नायू पुन्हा आवळला. स्नायू आखूड नव्हताच. घाबरलेला होता.

ऑपरेशन थिएटरमध्ये मी पाहिलंय, भूल चढली की ताठ माणसाचंही अंग कसं सैल पडतं. एवढी लांबी आपल्यात असते आणि शरीर ती कुलपात ठेवतं! इतक्या वर्षांनंतरही मला त्याचं नवल वाटतं.

"साहेब, पहाऱ्यावरच्या जवानाला ढकलून आत शिरलं तर?"

"गोळी घालंल की!"

"स्नायूतही असा पहारेकरी असतो. तुम्ही जोरात ताणलं की तो आवळून धरतो. पोरीला विचारत नाही. आता तुम्ही ढकलायचं नाही, नुसती भिंत व्हायचं. ढकलेल ती."

पद्धत सोपी आहे. टाच समोरच्याच्या खांद्यावर टेकवायची, पायानं खांदा खाली दाबायचा, थोडं थांबायचं, मग श्वास सोडत पाय सैल सोडायचा. स्नायूला भरवसा वाटला की तो जागा देतो. पण वैष्णवी पाय उचलेना.

"पप्पांना पाय लावू?"

हे माझ्या पुस्तकात नव्हतं. मग सुभेदार गुडघ्यावर बसले आणि खांदा पुढे केला. "लाव. हुकूम हाय माझा."

तिनं आधी उठून त्यांच्या पायाला हात लावला, मग झोपून टाच खांद्यावर ठेवली. दाबली. सुभेदार हलले नाहीत. तिनं श्वास सोडला आणि पाय आपणहून वर आला. पुन्हा दाबली, पुन्हा वर. थोड्या वेळानं गुडघा तिच्या नाकासमोर होता. मी नुसता तिच्या गुडघ्यावर हात धरून होते. असं काही समोर घडलं की माझ्या अंगावर काटा येतो.

"आयला!" सुभेदार पुटपुटले. "म्या काय केलंच न्हाई की!"

"तेच करायचं होतं," मी म्हणाले.

मग रोज सकाळी, अंग गरम केल्यावर, बापलेकीचा हाच कार्यक्रम. निवड सांगलीत झाली. शेवटच्या लढतीत वैष्णवी मागे होती. शेवटी तिचा पाय समोरचीच्या हेल्मेटवर बसला, तेव्हा माझ्या शेजारचे सुभेदार चक्क सावधानमध्ये उभे राहिले. पोरगी संघात आली.

जोर लावण्यापेक्षा न लावणं अवघड, एवढं मी त्यांच्याकडे बघून सांगू शकते. परवा ते स्वतःची कंबर घेऊन आले होते. मी म्हटलं, सैल सोडा. ते आणखी ताठ झाले. मदतीला मी सोबत आलेल्या वैष्णवीला हाक मारली, तसं मॅटवरून घाईघाईनं आवाज आला, "ये बाई, पण पाठीवर तेवढी बसू नगंस!"