बाईंच्या खोलीबाहेरून

सांत्वनाला येणारी माणसं रडतील असं वाटलं होतं. पण जो येई तो सुमतीचा एखादा किस्सा सांगे, स्वतः हसे आणि मलाही हसवून जाई! सुमती माझी बायको, बालविकास मानसतज्ज्ञ. बँकेतून व्हीआरएस घेतल्यावर मी तिच्या बिबवेवाडीच्या क्लिनिकात बाहेरच्या टेबलावर बसू लागलो. तिथे सगळ्यांसारखं मीही तिला 'बाई'च म्हणायचो.

*

क्लिनिकातल्या सगळ्या खुर्च्या मुलांच्या मापाच्या. एकदा एका कंपनीचे धिप्पाड मॅनेजर गुडघे पार हनुवटीला टेकवून बसले. "बाई, इथे फार अवघडल्यासारखं होतं हो!"

"होणारच. तुमच्या घरी तुमच्या मुलाला रोज होतं."

*

आयटीचे दिवस. एक बाबा ऑफिसातून थेट आले, गळ्यात आयकार्ड तसंच. "मॅडम, मुलगा दोन वर्षांचा झाला. कॉम्प्युटरचा क्लास लावू का?"

"आधी चिखलाचा लावा. फी नाही!"

*

लोणी काळभोरच्या एक आजी नातवाला घेऊन आल्या. "पोरगं लई दंगा करतंय. औषध हाय का काय?"

बाईंनी शेजारी पेंगणाऱ्या सुनेकडे पाहिलं. "आहे ना. रोज दुपारी तासभर झोप. पोराला नाही, सुनेला!"

*

गार्गी पाच वर्षांची. घरात अखंड बडबड, घराबाहेर एक शब्द नाही. शाळेने सांगून टाकलं होतं, जूनपर्यंत बोलली नाही तर दुसरी शाळा बघा. आई रडकुंडीला आलेली. बाईंचा नियम एकच, "तिला 'बोल' म्हणायचं नाही. कुणीच नाही." मग बाई आणि गार्गी जमिनीवर बसून मणी ओवत राहायच्या, अगदी गुपचूप.

आई बाहेर मला विचारायची, "काका, काही प्रगती?"

"आहे की. आता बाईही बोलत नाहीत!"

पुढे बाईच हॉस्पिटलमध्ये गेल्या. मी भेटायला गेलो की पहिला प्रश्न, "गार्गी बोलली?" मी नाही म्हणायचो. शेवटपर्यंत नाहीच म्हणावं लागलं.

*

शोकसभेला हॉल भरला होता. गार्गी आईचं बोट धरून पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी. भाषणं झाली. "आता दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या." सगळे उठले. पंखे तेवढे वाजत होते.

तेवढ्यात बारीक पण खणखणीत आवाज आला. गार्गीचा!

"काका, बाईंचा फोटो वाकडा लावलाय."

मागून कुणीतरी दटावलं, "शूऽऽ!"

गार्गीची आई गर्रकन वळली.

"अहो, बोलू द्या तिला!"