एकतीस पानं आणि चार मीटर पाणी

तक्तेकाका गेल्या अकरा वर्षांत पाण्याखाली गेले नव्हते. ही गोष्ट क्लब सोडला तर जगात दोघांनाच माहीत होती. एक ते स्वतः. दुसरं कोण, हे त्यांना माहीत नव्हतं.

नोकरीने ते लिफ्ट तपासनीस. इमारतीत जायचं, दोर बघायचे, ब्रेक बघायचा, दाराची फट मोजायची, ‘सुरक्षित’ असा शिक्का मारायचा आणि जिन्याने खाली उतरायचं. रविवारी ते डायव्हिंग क्लबचे नियोजन प्रमुख असत. भरती-ओहोटीचे तक्ते, हवेचे तक्ते, वजनांचे तक्ते, सगळे त्यांच्या हातचे. म्हणून तक्तेकाका. खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर असावं.

क्लबची जागा बंदराच्या आतल्या अंगाला होती. लांबलचक दगडी बांध, त्याच्या आडोशाला पाण्यात उतरणाऱ्या चौदा पायऱ्या. पायऱ्यांनी आत शिरायचं, बांधाच्या कडेकडेने साठ मीटर जायचं, वळायचं, त्याच पायऱ्यांनी वर यायचं. खोली भर भरतीला चार मीटर. लाट नाही, ओढ नाही. तळाला गाळ, दोन टायर, एक प्लास्टिकची खुर्ची आणि खेकडे. अशा जागेला घाबरायचं तर चिकाटी लागते. काकांकडे ती भरपूर होती.

अकरा वर्षांपूर्वी याच पायऱ्यांपासून दहा मीटरवर त्यांच्या मास्कमध्ये पाणी शिरलं होतं. चमचाभर. काका बाटलीच्या बुचासारखे वर आले आणि ‘वेळ बघायला आलो होतो’ म्हणाले. घड्याळ मनगटावरच होतं. त्या आठवड्यात काकांनी नियम लिहिला: ‘जोड्या पाण्यात असताना किनाऱ्यावर एक जबाबदार माणूस हवाच.’ नियम उत्तम होता. काकांनी तो लिहिला, आणि तेव्हापासून दर रविवारी ते स्वतःच तो जबाबदार माणूस झाले. शिट्टी, दोर, दुर्बीण, पुठ्ठ्याला लावलेले कागद. लोक उंटावरून शेळ्या हाकतात, काका धक्क्यावरून डायव्हर हाकत.

योजना वाढत गेली. सुरुवातीला दोन पानं होती. मग फेरीबोटीच्या वेळा आल्या. मग शेवाळलेल्या पायऱ्या कशा उतरायच्या त्याची आकृती आली. मग मासेमारीच्या तुटक्या दोऱ्यात पाय अडकला तर काय, जोडीदाराचा अडकला तर काय, दोघांचे एकाच दोऱ्यात अडकले तर काय. एकतीस पानं झाली. बुडी पंचवीस मिनिटांची.

घरी मात्र वेगळीच योजना होती. घरी काका दर रविवारी बुडी मारून येत. म्हणजे क्लबच्या नळाखाली रबरी सूट भिजवत, केसांवरून हात ओला करून घेत आणि निथळत्या सुटासकट दारात उभे राहत. बायको शिवणकाम करायची. खालच्या मजल्यावर तिचं छोटं दुकान होतं. पडदे, उशांचे अभ्रे, कपडे ढिले-घट्ट करून देणं. काकांचा सूट तिनेच तीन वेळा ढिला केला होता. दोन्ही कुशींना जाड रबराच्या पट्ट्या घातल्या, मग पाठीला एक.

“हवा जास्त ओढावी लागते ना,” काका समजावत. “फुप्फुसं वाढतात.”

“फुप्फुसं अगदी पट्ट्याच्या वर येऊन बसलीत,” ती म्हणायची आणि तोंडात टाचण्या धरायची.

असं अकरा वर्षं चाललं. आणखी अकराही चाललं असतं. पण बंदरावर नवी अधिकारी आली.

ती आली त्याच महिन्यात कुठल्या तरी परगावच्या हौशी जोडीने ऐन फेरीबोटीसमोर डोकी वर काढली. बोट वेळेवर वळली, माणसं वाचली, पण अधिकारीणबाईंनी दुसऱ्या दिवशी क्लबला बोलावलं. पायऱ्यांना साखळी लावणार, म्हणाल्या. सगळ्यांनाच बंदी. क्लबतर्फे काका आणि दातांची डॉक्टर असे दोघे गेले. डॉक्टर पस्तिशीची, क्लबमधली सगळ्यात चांगली डायव्हर. आठवडाभर लोकांच्या तोंडात डोकावायचं आणि रविवारी कुणीच बोलत नाही अशा ठिकाणी जायचं, एवढंच तिचं सुख. दुसरी जागा दोन तासांवर होती आणि तिथे लाटा होत्या.

“मॅडम, आम्ही तसले नाही,” डॉक्टर म्हणाली. “आमच्याकडे योजना आहे.”

काकांनी एकतीस पानं टेबलावर ठेवली. टेबल किंचित हललं.

अधिकारीणबाईंनी ती घरी नेली. आणि घात झाला, कारण त्यांनी ती वाचली. चौथ्या पानाच्या पुढे गेलेली ती पहिलीच व्यक्ती. तीन दिवसांनी त्यांचा फोन आला.

“पान एकोणीस,” त्या म्हणाल्या. “‘बंदर कार्यालयापुढे प्रात्यक्षिक देण्याची वेळ आल्यास नियोजन प्रमुख स्वतः पहिल्या जोडीत असेल.’ हे मला आवडलं. येत्या रविवारी दाखवा. ठरल्याप्रमाणे झालं तर पायऱ्या तुमच्या. नाहीतर साखळी.”

हे वाक्य काकांनी आठ वर्षांपूर्वी लिहिलं होतं. वाचायला रुबाबदार वाटलं म्हणून. बंदर कार्यालयातून कधी कुणी चहालासुद्धा आलं नव्हतं.

त्या आठवड्यात तपासलेल्या लिफ्टमध्ये उभं राहून त्यांनी एकदा डोळे मिटून पाहिले. दार बंद होण्याआधीच बाहेर आले. पायऱ्या गेल्या तर डॉक्टरचा रविवार जाणार, क्लब जाणार. आणि पाण्यात गेले नाहीत तर अकरा वर्षांच्या ओल्या सुटांचं बिंग फुटणार. कारण शनिवारी रात्रीच्या जेवणाला बायको म्हणाली, “उद्या मीही येते.”

“कशाला? तिथे बसायला जागा नाही.”

“अकरा वर्षं नुसता सूट बघतेय. एकदा आत माणूस असताना बघू दे.”

रविवारी आकाश स्वच्छ होतं. पाणी इतकं स्थिर की बांधाचे दगड त्यात मोजता येत होते. वाऱ्यानेसुद्धा काकांना साथ दिली नाही.

वेळेचं गणित असं होतं: दहाला भरती पूर्ण. दहा चाळीसला फेरीबोट. ती आली की तळाचा गाळ उठतो, पुढे तासभर काही दिसत नाही. म्हणून तिच्या आधी वीस मिनिटं सगळे बाहेर, हा नियम. म्हणजे साडेनऊ ते दहा वीस. एवढीच फट. पाण्यात जाण्यापूर्वी काठावर योजना समजावून सांगायची, हाही नियम. काकांनी पावणेनऊला समजवायला सुरुवात केली.

साडेनऊला ते सातव्या पानावर होते. पावणेदहाला अकराव्या. क्लबची माणसं रबरी सुटांत उकडत उभी होती. अधिकारीणबाई घडीच्या खुर्चीवर बसून शांतपणे ऐकत होत्या. शेजारी काकांची बायको, मांडीवर कापडी पिशवी.

“आता समजा,” काका म्हणाले, “जोडीदाराने डाव्या हाताने खूण केली, आणि आपण त्याच्या उजवीकडे आहोत...”

“काका, नऊ बावन्न,” डॉक्टर म्हणाली.

“घाई हेच अपघाताचं मूळ. पान तीन.”

“काका, चार मीटर पाणी आहे. माझ्या दवाखान्याचं छत याहून उंच आहे.”

“म्हणूनच माणूस गाफील राहतो. पान पाच.”

तेव्हा डॉक्टरला कळलं. पुढची वीस मिनिटं बोलण्यातच घालवायची, मग खेदाने घड्याळ दाखवायचं, असा हा बेत होता. योजनेत बसणारा, नियमाला धरून असलेला आणि पायऱ्या कायमच्या घालवणारा. ती उठली. काकांच्या पाठीवरचं सिलिंडर तपासलं, हवा सुरू केली, श्वासाची नळी हातात घेतली.

“तोंड उघडा,” ती म्हणाली. कामाच्या आवाजात.

काकांचं तोंड आपोआप उघडलं. तिने नळी आत बसवली. दातांची डॉक्टर जे शिकते त्यातलं हे पहिलं: बोलणाऱ्याला बोलू न देता कामाला लावणं. काका पुढे काहीतरी म्हणाले, पण त्याचे नुसते बुडबुड्यांसारखे आवाज झाले. तिने त्यांचा दंड धरला आणि चौदा पायऱ्या मोजत त्यांना खाली नेलं.

पाणी छातीला लागलं. गळ्याला लागलं. तिने अंगठा खाली करून खूण केली आणि स्वतः दिसेनाशी झाली.

काका दिसत राहिले.

त्यांनी श्वास सोडला. अंगातल्या फुगणाऱ्या जाकिटातली हवा काढली. पाय मारले. पाय खाली जाण्याऐवजी पाठ वर आली. बंदराच्या स्थिर पाण्यावर क्लबचे नियोजन प्रमुख ओंडक्यासारखे आडवे तरंगत होते, आणि हळूहळू गोल फिरत होते.

अधिकारीणबाईंनी पानं चाळली. “हे कितव्या पानावर आहे?”

कुणी हसलं नाही. हसू आवरण्यासाठी दोघं बांधाकडे तोंड करून उभे राहिले.

डॉक्टर वर आली. काकांच्या कमरेच्या पट्ट्यावरची शिशाची वजनं चाचपली. “सहा किलो? काका, हे कधीचं वजन?”

काकांनी नळी काढली. “तक्त्यातलं,” ते म्हणाले.

तक्त्यात क्लबमधल्या प्रत्येकाचं वजन दर सहा महिन्यांनी सुधारलं जाई. कोण जाड झालं, कुणी नवा सूट घेतला, काका स्वतः विचारून लिहीत. एकच आकडा अकरा वर्षं बदलला नव्हता. जो माणूस बुडणारच नाही, त्याला बुडवायचं वजन कोण मोजतो? आणि दरम्यान सुटात तीन जाड पट्ट्या गेल्या होत्या. रबर तरंगतं. आतलं फुप्फुसही.

दहा वाजून एक मिनिट झालं होतं. क्लबचं जादा शिसं काकांनीच कपाटात कुलूपबंद ठेवलं होतं. पान बावीस.

“अहो,” काठावरून हाक आली. “इकडे या. या तसेच, तरंगत.”

काकांची बायको शेवटच्या कोरड्या पायरीवर येऊन बसली होती. पिशवीतून तिने दोन जाड कापडी कप्पे काढले. पट्ट्यात ओवता येतील असे, तोंड दुहेरी शिवणीने बंद. ते तिच्या हातात जड लोंबत होते.

“हे काय आहे?”

“पडदा नीट पडावा म्हणून तळाशी शिसं घालतात, ते. सव्वातीन किलो आहे.” तिने एक कप्पा डॉक्टरकडे दिला. “सूट बुधवारी टबात घातला. बुडेना. मग वर शिसं ठेवत गेले, बुडेपर्यंत. पोटाचं अंदाजाने धरलंय.”

काका पायरी धरून उभे होते. डोक्यावरून पाणी गळत होतं. खरं, समुद्राचं.

“तुला कसं माहीत होतं?”

“नळाच्या पाण्याने सुटाच्या चेनवर मीठ चढत नाही हो,” ती म्हणाली. “अकरा वर्षांत तुमची चेन एकदा अडकली नाही. बाकीच्यांच्या मी महिन्याला दुरुस्त करते. पैसे घेऊन.”

मग ती म्हणाली, “मास्कमध्ये पाणी आलं तर नाकाने फुंकायचं. तुमच्याच पान आठवर आहे. मी वाचलंय.”

वर अधिकारीणबाईंनी मान किंचित वळवली. म्हणजे वाचणाऱ्या दोघी होत्या.

डॉक्टरने कप्पे ओवले. या वेळी काकांनी नळी स्वतः तोंडात घेतली. दहा वाजून पाच मिनिटांनी ते खाली गेले. सावकाश, सरळ, जाड पडदा खाली यावा तसे.

खाली काय झालं ते डॉक्टरने नंतर सांगितलं. काकांनी तिचा हात इतका घट्ट धरला होता की दोन दिवस तिला दवाखान्यात साधी पकड धरवेना. पहिल्या टायरपाशी मास्कमध्ये पाणी शिरलं. ते थांबले. डोळे मोठे झाले. तिने त्यांच्याकडे बघून नाकावर बोट ठेवलं. त्यांनी फुंकलं. पाणी गेलं. त्यांनी पुन्हा एकदा फुंकलं, उगाच. मग खुर्चीपर्यंत गेले. खुर्चीवर खेकडा बसला होता. काका त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. साठ मीटर काही झाले नाहीत. वीसच झाले.

दहा सतराला दोघं पायरीवर होते. काकांच्या नाकातून पाणी वाहत होतं. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, “तीन मिनिटं राखीव.” दुसरं काही सुचलं नसावं.

अधिकारीणबाई उठल्या. “योजनेप्रमाणे काहीच झालं नाही,” त्या म्हणाल्या.

डॉक्टरने मास्क काढला. “मॅडम, वेळेआधी बाहेर आलो. ते तर...”

“ऐका. वजन चुकलं, ते काठावर सुधारलं. घाबरलेला माणूस हाताला धरून नेला आणि आणला. बोटीच्या आधी सगळे बाहेर. मला एवढंच बघायचं होतं.” त्यांनी एकतीस पानं काकांच्या ओल्या हातात दिली. “साखळी लावत नाही. पण पुढच्या रविवारपासून योजना एका पानाची. आणि किनाऱ्यावरचा जबाबदार माणूस बदला. पाण्यातल्या माणसाचं वजन त्याला माहीत हवं.”

त्या काकांच्या बायकोकडे बघत होत्या. सगळेच बघत होते.

“मला दुकान असतं,” बायको म्हणाली. “रविवारी मात्र बंद.” तिने हात पुढे केला. काकांनी शिट्टी गळ्यातून काढायला जरा वेळ लावला. दोरी सिलिंडरच्या पट्ट्यात अडकली होती, असं ते म्हणाले.

पुढच्या रविवारी योजना खरोखरच एका पानाची होती. अक्षर इतकं बारीक की डॉक्टरला दात बघायची भिंगं डोळ्यांवर चढवावी लागली. एकतीस पानांतलं एकही वाक्य गळलं नव्हतं. किनाऱ्यावरच्या जबाबदार माणसाच्या नावाची जागा काकांनी कोरी सोडली होती. तिथे शिवणकामाच्या निळ्या खडूने एकच अक्षर लिहिलं होतं: ‘मी’.

पानाच्या तळाशी मात्र एक आकडा मोठा होता. काठावरून, भिंगाशिवाय वाचता येईल एवढा. ‘सहा’ खोडून लिहिलेला: सव्वानऊ.