चिंचेनं घासलेल्या गिअरबॉक्सच्या रिंगा

मंडळी, आठवडाभर मी मुकुंदवाडीत घराच्या अंगणातच आमच्या जुन्या गाडीचा गिअरबॉक्स खोलून बसलोय. आतल्या पितळी रिंगा कुठल्या गिअरवरच्या, हे कळावं म्हणून क्रमानं मांडून ठेवल्या होत्या.

आज सकाळी बघतो तर आईनं त्या देवाच्या भांड्यांसोबत चिंचेनं घासून परातीत ठेवलेल्या. सगळ्या सारख्याच. मी लई ओरडलो.

शेवटी गल्लीतल्या सलीमचाचांना बोलावलं. सगळं आयुष्य गॅरेजात गेलेला माणूस. वाटलं, हसतील. ते म्हणाले, "भाभी, इतकी साफ रिंग मी कधी बघितली नाय. एकेक द्या माझ्या हातात."

आई देत गेली. चाचा प्रत्येक रिंग गिअरवर दाबून फिरवून बघायचे. "संगं झिजलेली जोडीच नीट धरते," म्हणाले. तासाभरात सगळ्या जोड्या जुळल्या. दुपारी चाचांनी नि मी मिळून गिअरबॉक्स गाडीत चढवला.

संध्याकाळी करमाडपर्यंत जाऊन आलो. एकही गिअर अडला नाही. आई पुढच्या सीटवर होती.

चाचांचे आभार दहादा मानले. आईला मात्र अजून काहीच बोललो नाही. तुमच्याकडं आईची माफी कशी मागतात?