न कापलेली काडतुसं

तानेली रिस्सानेनच्या घरातून काही बाहेर फेकलं जायचं ते फक्त चुलीतली राख, आणि तीही बटाट्याच्या वाफ्यात. नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, बूट फाटले की लेम्पी, त्याची बायको, त्यातून आधी पोरांच्या बुटांसाठी तळवे कापायची. उरल्या तुकड्यांतून तानेली काडतुसात भरायच्या गोल चकत्या पाडायचा. बदकांचा मोसम सुरू झाला की शहरातले शिकारी तळ्यावर यायचे, आभाळात धडाधड बार काढायचे आणि रिकामी काडतुसं तिथेच टाकून कॉफी प्यायला निघून जायचे. ते गेले की तानेली होडी काढायचा आणि लव्हाळ्यातून ती वेचून आणायचा.

"लोक रानात बेरी वेचतात," लेम्पी म्हणायची, "माझा नवरा कचरा वेचतो."

पण हापालाहती गावातली निम्मी शिकार त्या कचऱ्यावरच चालायची, हेही तिला ठाऊक होतं. गावातल्या बंदुका म्हणजे आजोबांच्या काळातल्या दुनळ्या. दुकानातली नवी काडतुसं महाग, आणि त्या म्हाताऱ्या नळ्यांना फार जहाल. तानेली वेचून आणलेली काडतुसं जेवणाच्या टेबलावर उभी करायचा, तोंड चिरलेली बाजूला काढायचा, बुडाची जळकी टोपी काढून नवी ठोकायचा, मग बेताची दारू, नमद्याची चकती, छर्रे, आणि शेवटी तोंडाची घडी. कुणाच्या बंदुकीला काय सोसतं आणि कुणाच्या खांद्याला काय सोसत नाही, हे त्याला तोंडपाठ होतं. "माझं काडतूस दगा देत नाही," असं तो म्हणायचा. ते तो इतक्यांदा म्हणायचा की टपालगाडी चालवणारा रेयो त्याला दारूगोळा मंत्री म्हणायला लागला होता.

जुन्या दुनळीची एक खोड असते. तिच्यात काडतूस बसायची जागा हल्लीच्या बंदुकीपेक्षा आखूड असते. हल्लीचं काडतूस तिच्यात बसतं, अगदी मुकाट्यानं बसतं, कारण त्याचं तोंड घडी घालून मिटलेलं असतं. बार उडाला की घडी उलगडते, आणि उलगडायला पुढे जागाच नसते. मग सगळा जोर उलटा येतो, बंदुकीवर आणि ती धरणाऱ्यावर. म्हणून अशा बंदुकीसाठी काडतूस भरायच्या आधी त्याचं तोंड जरासं कापून आखूड करायचं. काम एवढंच. तानेली ते दरवर्षी करायचा. गेल्या वर्षी विल्होच्या काडतुसांचं केलं नाही.

का केलं नाही, याला धड कारणही नव्हतं, आणि हेच त्याला जास्त खात होतं. तो आजारी नव्हता की घाईत नव्हता. विल्होची काडतुसं शेवटी उरली होती, सुरी बोथट झाली होती, धारेचा दगड अंगणापलीकडच्या खोपटात होता आणि उठायचा कंटाळा आला. विल्हो त्याचा समोरचा शेजारी आणि लहानपणापासूनचा मित्र. परक्याचं काम असतं तर तो उठला असता.

ऑगस्टच्या विसाव्या तारखेला दुपारी बाराला मोसम उघडतो. त्या दिवशी बारा वाजले, विल्होनं पहिला बार काढला आणि त्याच्या दुनळीचा लाकडी दस्ता उभा फाटला. फळकुटानं गाल चिरला, अंगठा मोडला. तानेली त्याच होडीत वल्ह्यांवर होता. त्यानं जखम दाबून धरली, होडी किनाऱ्याला आणली, विल्होला गाडीत बसवलं, सगळं अगदी शहाण्यासारखं केलं. मग एकटाच होडीपाशी परत आला आणि तळाशी पडलेलं काडतूस उचललं. त्याच्या तोंडाच्या चिंध्या झाल्या होत्या. बघताक्षणी त्यानं ओळखलं. ते त्यानं तळ्यात भिरकावलं. किनाऱ्यावर राहिलेल्या विल्होच्या पट्ट्यातली उरलेली काडतुसं, रक्त पुसून देतो असं लोकांना सांगून, काढून घेतली.

तोवर किनाऱ्यावर गोष्ट तयार झाली होती. विल्होनं लव्हाळ्यातून होडी ढकलताना बंदूक चिखलात टेकवली असणार, नळीत चिखल गेला असणार, आणि त्यानं न बघताच काडतूस भरलं असणार. नळीत चिखल असता तर नळीचं टोक फुगलं असतं, हे त्या गावात कुणालाही कळलं असतं. पण टोक बघितलं कुणी? गोष्ट इतकी झकास जमली होती की बघायची कुणाला गरजच वाटली नाही. विल्हो शिकारमंडळाचा म्होरक्या, "आधी नळीतून आभाळ बघा, मग काडतूस भरा," असं जन्मभर सगळ्यांना बजावणारा. त्याचीच ही गत व्हावी, यापरती मजा ती कुठली.

"आभाळाऐवजी विल्होनं तळं बघितलं असेल," रेयो म्हणाला, आणि हा विनोद हिवाळाभर गावाला पुरला.

विल्हो आधी म्हणाला, "बघितलं होतं मी." दवाखान्यातून आल्यावर म्हणाला, "बघितल्यासारखं वाटतंय खरं." पुढे पुढे म्हणायला लागला, "नसेनच बघितलं." वसंतातल्या सभेत त्यानं म्होरकेपण सोडलं. सभेनं ते एकमतानं तानेलीला दिलं. का, तर तानेलीइतका जपून वागणारा माणूस गावात दुसरा नाही.

त्या टाळ्या ऐकताना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तानेलीला झालं. तो "नको, नको" म्हणाला. लोकांना तो त्याचा विनय वाटला.

"तोंड का पाडलंयस?" लेम्पीनं घरी विचारलं. "मान मिळालाय की."

"पोट दुखतंय."

"मग केकचा दुसरा तुकडा ठेव खाली."

वर्षभर त्याचं पोट दुखत राहिलं. विल्हो दुकानात दिसला की तानेली मागच्या मागे वळायचा. दर शनिवारी दोघं एकत्र सॉनात बसत, वाफेत घामाघूम होऊन जगाला नावं ठेवत. तेही आज लाकडं ओली, उद्या पाठ धरलीय, असं करत करत बंद पडलं. एकदा विल्होची बायको साइमी त्याला रस्त्यात भेटली. "ये की रे कधी," ती म्हणाली. "तुझ्याशी तरी बोलेल. हल्ली नुसता बसून असतो." तानेली "येतो" म्हणाला आणि गेला नाही. सांगायचं असं त्यानं किती सकाळी ठरवलं होतं. दुपारपर्यंत त्याला वाटायचं, आता सांगून काय, जखम तर भरलीय. स्वतःचा हा हिशेब किती घाणेरडा आहे, हे त्याला कळत होतं.

पुन्हा ऑगस्ट आला. किनाऱ्यावर जाळ पेटला, काळ्या किटलीत कॉफी उकळली, सॉसेज काटक्यांना टोचले गेले. विल्हो जावयाची बंदूक घेऊन रेयोच्या गाडीतून आला आणि कडेला उभा राहिला. बाराच्या आधी म्होरक्यानं चार शब्द बोलायचे असतात. तानेली खाली बघत वाऱ्याबद्दल बोलला, बदकं कमी आहेत म्हणाला आणि थांबला.

"आणि नळीचं?" रेयो म्हणाला. "नळीचं राहिलं की, मंत्रिमहोदय."

सगळे हसले. विल्होही हसला. मग तो स्वतःहून पुढे आला, बंदूक उघडली आणि रेयोपुढे धरली. "बघ रे बाबा, साफ आहे का. माझ्या बघण्यावर कुणी जाऊ नका."

म्हणताना त्यानं सगळ्यांकडे असं बघितलं की जणू हसल्याबद्दल तो त्यांचा आभारी आहे. तानेलीला ते बघवेना.

"साफ होती," तो म्हणाला.

"अरे, अजून बघतोय," रेयो म्हणाला.

"गेल्या वर्षीची म्हणतोय मी. विल्होची नळी साफ होती. काडतूस माझं होतं. लांब होतं, मी कापलं नव्हतं. कंटाळा केला. ते फाटलेलं मला होडीत सापडलं आणि मी पाण्यात टाकलं."

 सॉसेज जळल्याचा वास यायला लागला, तरी कुणी काटकी उचलली नाही. पलीकडच्या किनाऱ्यावर बार वाजायला लागले, म्हणजे बारा वाजले होते. या किनाऱ्यावर एकानंही बंदूक भरली नाही.

"म्हणजे मी बघितलं होतं?" विल्होनं विचारलं.

"बघितलं होतंस. मी समोरच बसलो होतो. तू नळी आभाळाकडे धरलीस, एक डोळा मिटलास. मी पाहिलंय."

विल्हो जवळच्या ओंडक्यावर बसला. तानेली घाईघाईनं बोलायला लागला. माझी दुनळी घे, आजच घे, म्होरकेपण पण आत्ताच्या आत्ता घे, सभेत मी स्वतः सांगतो. त्याला स्वतःचाच आवाज नकोसा झाला होता, पण थांबता येत नव्हतं.

"बंदुकीचं काय घेऊन बसलास," विल्हो म्हणाला. तो रागावलेला दिसत नव्हता. "मी गाडी विकली, तानेली. म्हटलं, ज्याला न केलेलं केल्यासारखं आठवतं, अशा माणसानं गाडी चालवू नये. नातीला होडीत घेत नाही. चूल विझवली की नाही ते बघायला साइमीला पाठवतो. मी बघून आलेलो असतो, तरी पाठवतो."

तानेलीला वाटलं होतं, आपण एका गालाचं, एका अंगठ्याचं आणि थोड्या अब्रूचं देणं लागतो. त्यानं वर बघायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

"मला स्वच्छ आठवत होतं रे," विल्हो म्हणाला. "नळीतून ढगाची एक कड दिसली होती, तीसुद्धा आठवत होती. वर्षभर मी स्वतःला समजावत बसलो की ती दिसलीच नव्हती. आणि तू समोरच्या घरात होतास."

तो उठला. बंदूक मिटून काखेत धरली.

"चल, घरी सोडतो तुला," रेयो म्हणाला. त्याच्या तोंडची थट्टा पार पळाली होती.

"तू बस बाजूला," विल्हो म्हणाला आणि हात पुढे केला. "किल्ली दे. मी चालवतो."

रेयोनं किल्ली दिली. दोघं उतारावरून रस्त्याकडे गेले. गाडी सुरू झाली, जरा मागे आली आणि अलगद वळणावरून निघून गेली. तानेलीकडे विल्होनं एकदाही बघितलं नाही.